अंथरूण आखूड केले कोणी?

दर वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेस केंद्रीय अर्थमंत्री संसदेपुढे अर्थसंकल्प मांडतात आणि दुसऱ्या दिवशी भांडवली वृत्तपत्रांच्या अग्रलेखांतून देशाला एक जुनी म्हण ऐकवली जाते: अंथरूण पाहून पाय पसरावेत. सरकारवर कर्ज फार झाले आहे. तेव्हा अन्नधान्यावरील अनुदान आवरा, रोजगार हमीचा खर्च आवरा, रुग्णालयांनी व विद्यापीठांनी आपले भागभांडवल आपणच उभारावे, असा त्या उपदेशाचा मथितार्थ असतो. तोच उपदेश कर्जात रुतलेल्या शेतकऱ्याला आणि कामगारालाही केला जातो. त्याने म्हणे मुलीच्या लग्नात पैसा उधळला, हप्त्यावर मोटारसायकल घेतली, ऋण काढून सण केला. सरकारचे कर्ज आणि घराचे कर्ज या दोहोंच्या मुळाशी उधळपट्टीच आहे असा निवाडा देऊन हे उपदेशक मोकळे होतात.

कष्टकऱ्यांच्या पक्षाने या म्हणीला एकच प्रश्न विचारावयास हवा. अंथरूण आखूड केले कोणी?

हा प्रश्न विचारताच ध्यानात येते की सरकारचे कर्ज आणि घराचे कर्ज ही दोन निराळी दुखणी नाहीत. ज्यांच्याकडून कर घ्यावयाचा त्यांच्याकडून सरकार कर्ज घेते. त्या कर्जाचे व्याज भागवण्यासाठी जनतेवरील खर्चाला कात्री लावते. आणि जो खर्च सरकार टाळते तो प्रत्येक घर स्वतःच्या नावावर कर्ज काढून भागवते. वरचे कर्ज पायरीपायरीने खाली उतरते. प्रत्येक पायरीवर व्याजाचा दर मात्र चढत जातो.

सुप्याचा धडा

दोन कर्जांचा हा संबंध आजचा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली आणि कर्जरोखे व वह्या हिसकावून त्यांची होळी केली. पुणे व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पसरले. माणसांवर हात टाकण्याचे प्रकार थोडे घडले. रयतेचा रोष होता तो कागदावर. इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत या प्रकरणातील खलनायक म्हणून सावकार तेवढा उरला.

परंतु रयत सावकाराच्या दारी गेली कशासाठी? सारा रोख भरावा लागे आणि १८६० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या फेरआकारणीत तो वाढवण्यात आला होता. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाची तेजी ओसरली होती. सारा वाढत होता कारण साम्राज्याला पैसा हवा होता. १८५७ चा उठाव चिरडण्याचा खर्च हिंदुस्थानच्याच कर्जखाती मांडण्यात आला होता. इंग्लंडमधील रेल्वे कंपन्यांच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी देण्यात आली होती आणि ती हिंदुस्थानच्या महसुलातून पुरी केली जात होती. लंडनच्या भागधारकाला घरबसल्या मिळणारे व्याज आणि सुप्याच्या सावकाराच्या वहीत चढणारे व्याज या एकाच साखळीच्या दोन कड्या होत्या. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात सार्वजनिक कर्जाची गणना आदिम भांडवलसंचयाच्या प्रमुख साधनांत केली, आणि अशा कर्जाचा भार अखेर जीवनावश्यक वस्तूंवरील करांच्या रूपाने सामान्य जनांवर येतो हेही तेथेच दाखवून दिले. दख्खनच्या रयतेने तो ग्रंथ वाचलेला नव्हता. तिने तो सिद्धांत भोगला होता.

रुपयाचा हिशेब

आता आजचा हिशेब पाहू. २०२५-२६ चा केंद्रीय अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटी रुपये खर्चाचा होता. त्यात व्याजापोटी १२ लाख ७६ हजार कोटींची तरतूद होती. सरकारच्या महसुली उत्पन्नातील दर १०० रुपयांपैकी सुमारे ३७ रुपये एकट्या व्याजाने गिळले. त्याच अर्थसंकल्पात शिक्षण मंत्रालयाला सुमारे १ लाख २८ हजार कोटी, आरोग्य मंत्रालयाला सुमारे १ लाख कोटी आणि ग्रामीण रोजगार हमीला ८६ हजार कोटी देण्यात आले. या तिन्ही रकमा एकत्र केल्या तरी व्याजाचा जेमतेम चतुर्थांश भरतो. सरकारने स्वतः छापलेल्या रुपयाच्या चित्रात जमेच्या बाजूला २४ पैसे नव्या कर्जाचे होते आणि खर्चाच्या बाजूला २० पैसे जुन्या कर्जाच्या व्याजाचे. व्याज भागवण्यासाठी पुन्हा कर्ज, असे हे रहाटगाडगे आहे.

या व्याजाचे धनी कोण? केंद्राच्या कर्जात परकीय कर्जाचा वाटा अगदी लहान आहे. बहुतेक रोखे देशातीलच बँका, विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधी यांच्याकडे आहेत. त्यावरून काही अर्थपंडित असा युक्तिवाद करतात की देश आपलेच आपल्याला देणे लागतो, एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकतो; मग चिंता कसली? हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. खिसे दोन आहेत, पण ते एकाच माणसाचे नाहीत. भूमिहीन मजुराची बँकेत मोठी ठेव नसते, त्याच्या नावे भविष्य निर्वाह निधीचे खाते नसते. मात्र साबणाची वडी, चपलेचा जोड, घरातले भांडे विकत घेताना वस्तू व सेवा कर तो चुकवू शकत नाही. व्याज भरण्यात त्याचा वाटा आहे. व्याज घेण्यात नाही.

कराऐवजी कर्ज

सरकारला इतके कर्ज काढावे लागते ते जनतेवर उधळपट्टी केल्यामुळे नव्हे. १९८५ मध्ये वारसा संपत्तीवरील कर रद्द झाला. २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर रद्द झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा मूळ दर सवलती सोडणाऱ्यांसाठी ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणि नव्या कारखान्यांसाठी १५ टक्क्यांवर आणण्यात आला. या एका निर्णयाने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, हा अंदाज सरकारचाच होता. पुढे २०२३-२४ मध्ये व्यक्तींच्या प्राप्तिकरातून मिळालेले उत्पन्न कंपनी करापेक्षा अधिक भरले.

सवलत दिली की गुंतवणूक वाढेल, गुंतवणूक वाढली की रोजगार वाढेल, असे तेव्हा सांगण्यात आले. घडले काय ते सरकारच्याच २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत वाचावयास मिळते. २०१९-२० ते २०२२-२३ या काळात ३३ हजारांहून अधिक कंपन्यांचा करपूर्व नफा जवळजवळ चौपट झाला. नोकरभरती आणि पगार यांनी मात्र ती गती गाठली नाही.

वर्गीय अर्थ येथे उघडा पडतो. जो पैसा कर म्हणून तिजोरीत यावयास हवा होता तो धनिकांच्या हाती राहतो आणि बँका व वित्तसंस्थांच्या मार्गाने कर्ज म्हणून सरकारकडे येतो. कर परत करावा लागत नाही. कर्ज व्याजासह परत करावे लागते. ज्याने देणेकरी असावयाचे तोच सरकारचा सावकार होऊन बसतो, आणि मग हाच सावकार व त्याचे पतमापन करणारे सरकारला काटकसरीचे धडे देतात.

म्हणूनच ‘कर्ज वाईट’ या ओरडीत पक्षाने आपला सूर मिसळू नये. धरणासाठी, रुग्णालयासाठी, शाळेसाठी सरकारने काढलेले कर्ज हे पाप नव्हे. त्यातून निर्माण होणारी संपत्ती आणि निरोगी, सुशिक्षित माणसे ते कर्ज फेडण्यास समर्थ होतात. विरोध करावयाचा तो करसवलतींची भगदाडे बुजवण्यासाठी काढलेल्या कर्जाला, आणि त्या कर्जाचे निमित्त करून जनतेच्या तोंडचा घास काढण्याला.

वर काटकसर, खाली हप्ता

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे अभिवचन दिले होते. २०२१-२२ मध्ये, साथीचा काळ असूनही, तो १.८४ टक्केच होता. त्या वर्षी देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम रुग्णांनी स्वतःच्या खिशातून भरली. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के खर्चावेत ही कोठारी आयोगाची शिफारस १९६६ पासून धूळ खात पडली आहे. सरकारने हात आखडता घेतला म्हणून आजार थांबत नाहीत आणि मुलांनी शिकण्याचे वय थांबत नाही. खर्च होतोच, तो करणारा बदलतो.

त्याचे पडसाद रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांत उमटले आहेत. २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्क्यांवर घसरली. कित्येक दशकांतील हा नीचांक होता. डिसेंबर २०२४ अखेर कुटुंबांवरील कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४१.९ टक्क्यांवर पोहोचले. यातील निम्म्याहून अधिक कर्ज घर बांधण्यासाठी नव्हे, तर अन्य गरजा भागवण्यासाठी काढलेले आहे. विनातारण ग्राहक कर्जे इतक्या वेगाने फुगली की नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेलाच बँकांवर अधिक कडक नियम घालावे लागले.

ग्रामीण भागात शेतीचे गणितच तोट्याचे आहे. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत निम्मी शेतकरी कुटुंबे कर्जबाजारी आढळली. दर कुटुंबामागे सरासरी कर्ज ७४,१२१ रुपये होते आणि शेती, मजुरी, जोडधंदा सारे धरून महिन्याचे सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये. आंध्र प्रदेश व तेलंगणात तर दर दहा शेतकरी कुटुंबांपैकी नऊहून अधिक कर्जात होती. ही सारी कुटुंबे उधळी होती असे म्हणण्याचे धाडस कोणता अर्थपंडित करील?

सावकाराचे नवे नाव

१९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांकडचे होते आणि सहकारी संस्थांकडचे अवघे ३ टक्के. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८० मध्ये आणखी ६ बँकांचे. खेडोपाडी शाखा उघडल्या आणि १९९१ पर्यंत ग्रामीण कर्जातील संस्थात्मक कर्जाचा वाटा ६४ टक्क्यांवर गेला. राष्ट्रीयीकरणाचा अधिक लाभ धनिक शेतकऱ्यांनी उचलला हे खरे. तरी सावकाराचा पाश सैल झाला हेही तितकेच खरे. १९९१ च्या नरसिंहम समितीने अग्रक्रम क्षेत्रासाठी राखलेला कर्जाचा हिस्सा ४० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणण्याची शिफारस केली. ती जशीच्या तशी अमलात आली नाही, परंतु वारे फिरले. नव्वदच्या दशकात ग्रामीण शाखा घटल्या आणि २००२ पर्यंत संस्थात्मक कर्जाचा वाटा ५७ टक्क्यांवर उतरला.

बँकेने मोकळी केलेली जागा मायक्रोफायनान्स कंपनीने घेतली. तिचे ग्राहक जवळजवळ सर्व स्त्रिया. तारण मागितले जात नाही. तारण असते शेजारणीचा शब्द. एका गटातील बायका एकमेकींच्या कर्जाची हमी घेतात, आठवड्याला किंवा पंधरवड्याला ठरल्या वेळी एका अंगणात जमतात, आणि एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांना तो भरावा लागतो. जी एकजूट लढ्यासाठी वापरावयाची ती वसुलीसाठी राबवली जाते. वेळेवर फेडलेले पीककर्ज शेतकऱ्याला ४ टक्क्यांनी पडते, ग्रामीण महिला बचत गटांसाठी ७ टक्के दराची सरकारी योजना आहे. मायक्रोफायनान्सचा दर मात्र सर्रास वर्षाला २० टक्क्यांच्या वर असतो. देशातील सर्वांत गरीब कर्जदार सर्वांत महाग कर्ज घेते.

२०१० मध्ये आंध्र प्रदेशात या वसुलीने आत्महत्यांपर्यंत मजल गाठली, तेव्हा राज्य सरकारला ऑक्टोबरमध्ये वटहुकूम काढावा लागला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने व्याजदरावर मर्यादा घातल्या. मार्च २०२२ मध्ये त्या काढून टाकल्या गेल्या. नव्या नियमानुसार वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब या कर्जास पात्र ठरते आणि त्याच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत रक्कम हप्त्यांत गेली तरी चालते. म्हणजे महिन्याला २५,००० रुपये मिळवणाऱ्या घराने १२,५०० रुपये हप्त्यांत द्यावेत आणि उरलेल्या १२,५०० रुपयांत भाडे, किराणा, शाळा व औषध भागवावे, हे नियमांत बसते. परिणाम दिसून येण्यास तीन वर्षेही लागली नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला जुलमी वसुलीविरुद्ध वटहुकूम काढणे भाग पडले आणि तमिळनाडूनेही त्याच वर्षी तसा कायदा केला.

राज्यांची कोंडी

वरचे कर्ज खाली उतरताना मधली पायरी राज्यांची असते. २०१८ मध्ये वित्तीय जबाबदारीच्या कायद्यात दुरुस्ती करून केंद्राने आपले कर्ज मार्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरवले होते. २०२५-२६ साठी खुद्द केंद्राचा अंदाज ५६.१ टक्के होता. स्वतःला जी शिस्त पाळता आली नाही ती केंद्र राज्यांवर मात्र लादते. अधिभार व उपकर यांचे उत्पन्न राज्यांना वाटून द्यावे लागत नाही, म्हणून करांऐवजी त्यांचा आश्रय घेतला जातो. आणि कर्जाची जादा अर्धा टक्का मुभा हवी तर वीज क्षेत्रात तथाकथित सुधारणा करा, अशी अट घातली जाते. केरळातील तत्कालीन डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने कर्जमर्यादेच्या या मनमानीविरुद्ध डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. १ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला, परंतु प्रश्न घटनापीठाकडे सोपवण्याइतका गंभीर मानला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या जागी जो कायदा मंजूर केला त्यात बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के भार टाकण्यात आला आहे. खाली ढकलण्याची ही तीच रीत.

दोन न्याय

कर्ज फेडणे हे नीतीचे लक्षण आहे, असे गरिबाला शिकवले जाते. बड्या कर्जदारांसाठी नीती निराळी. २०१४-१५ ते २०२३-२४ या दहा वर्षांत बँकांनी १६ लाख ३५ हजार कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित केली, ही माहिती सरकारने २०२५ मध्ये संसदेत दिली. त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम मोठे उद्योग व सेवा यांची होती. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, असे सरकार सांगते. शब्दार्थाने ते बरोबर आहे; पण त्या वसुलीतून हाती पडते ती रक्कम तुटपुंजी असते. शेतकऱ्याची कर्जमाफी निघाली की मात्र ‘पतसंस्कृती’ बिघडल्याचा आक्रोश सुरू होतो. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत दोन हेक्टरांची अट घालून विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्यांपैकी अनेकांना पूर्ण माफीतून वगळण्यात आले होते, हे त्या वेळी आक्रोश करणाऱ्यांच्या लेखी नव्हतेच.

पुढचे काम

मार्च २०१८ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईला पायी चालत आले. कर्जमुक्ती ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. त्याच वर्षी शेतकरी संघटनांच्या समन्वयातून तयार झालेले कर्जमुक्तीचे विधेयक राजू शेट्टी यांनी लोकसभेत व के. के. रागेश यांनी राज्यसभेत मांडले. हा वारसा अभिमानाचा आहे, पण त्याची मर्यादाही ओळखावयास हवी. कर्जमाफी सातबारावर नाव असणाऱ्यापर्यंत पोहोचते. बटाईने कसणारा, ऊसतोड मजूर, विडी वळणारी बाई यांचे कर्ज बँकेचे नसतेच. ते सावकाराचे किंवा कंपनीचे असते, आणि कोणत्याही कर्जमाफीच्या यादीत ते येत नाही.

येथे चळवळीने स्वतःकडेही पाहावे. सोलापूरच्या विडी कामगारांच्या वस्तीत असो, सुरत-इंदूरच्या कामगार चाळींत असो वा हैदराबादच्या उपनगरांत, कंपनीचा वसुली करणारा दर आठवड्याला ठरल्या वारी, ठरल्या वेळी हजर असतो. प्रत्येक घराचे उत्पन्न त्याला ठाऊक असते, कोणाचा नवरा आजारी आहे हेही ठाऊक असते. पक्षाची शाखा किती ठिकाणी तितक्या नेमाने भरते? त्या वस्तीतील किती घरांचा हिशेब शाखेपाशी आहे?

मागण्या स्पष्ट आहेत. संपत्ती कर व वारसा कर पुन्हा बसवा. कंपनी कराच्या सवलती मागे घ्या. भूमिहीन, बटाईदार आणि कष्टकरी स्त्रिया यांना सार्वजनिक बँकांनी पीककर्जाच्याच दराने थेट कर्ज द्यावे. व्याजदरावर कायद्याने मर्यादा घाला. खाजगी कर्जांचा न्यायनिवाडा करणारी मंडळे स्थापन करा. केरळने २००६ च्या कायद्याने शेतकऱ्यांसाठी असा आयोग नेमून वाट दाखवली आहे. राज्यांच्या कर्जमर्यादेचा गळफास सोडवा. परंतु नुसत्या ठरावांनी हे होणारे नाही. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील पन्नास घरांच्या कर्जाची नोंद करावी: किती, कोणाचे, कोणत्या दराने, आणि ते काढण्याचे कारण काय. त्या कारणांच्या यादीत बंद पडलेला दवाखाना, महागलेले शिक्षण, न मिळालेली मजुरी आणि पडलेला भाव हेच पुनःपुन्हा लिहावे लागेल. मग अर्थसंकल्पावरील भाषण वेगळे करण्याची गरज उरणार नाही. ती यादीच अर्थसंकल्पावरील भाषण होईल.

सुप्याच्या रयतेने वह्या जाळल्या, कारण वहीत काय लिहिले आहे हे तिला वाचता येत नव्हते आणि ते तिच्याविरुद्ध आहे एवढे मात्र कळत होते. आजच्या कष्टकऱ्याने ती वही वाचावयास शिकले पाहिजे. आपल्या घराच्या हप्त्यापासून दिल्लीच्या अर्थसंकल्पापर्यंत ती एकच वही आहे, हे ज्या दिवशी त्याला दिसेल त्या दिवशी अंथरूण पाहून पाय पसरण्याचा उपदेश तो मुकाट्याने ऐकणार नाही. अंथरुणाचा कापलेला तुकडा कोणाच्या घरात आहे, हे तो विचारील आणि तो परत मागेल.